अन्नावरचा आळ

लहान मुलाचा गुडघा सुजला की घरात पहिला प्रश्न उठतो तो 'काय खाल्ले होते?' हा. वैद्य मागाहून येतो, प्रश्न त्याच्या आधी येतो. आणि बहुधा त्याचे उत्तरही घरात तयार असते. वाल वातूळ, पावटा वातूळ, दही आंबट, केळे थंड. ही यादी आजीकडून आईकडे व आईकडून सुनेकडे चालत आलेली असते. नोकरीनिमित्त महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या कुटुंबांत तर तिच्यात आणखी एका कलमाची भर पडते. बदली झाली, पाणी बदलले, भाताच्या जागी दोन्ही वेळां पोळी आली, शेंगदाण्याच्या तेलाच्या जागी मोहरीचे तेल आले, आणि त्याच वर्षी मुलाचे सांधे धरले, तर दोष कोणाकडे जातो हे सांगावयास नको. परमुलखाच्या अन्नाला स्वतःची बाजू मांडता येत नाही; त्यामुळे त्याच्यावर आळ घेणे सोपे असते.

हा आळ खरा की खोटा एवढाच प्रश्न असता, तर तो वैद्यांवर सोपवून आम्ही स्वस्थ बसलो असतो. परंतु ह्या आळाला मोठा इतिहास आहे, आणि तो पाहिला म्हणजे एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. मुलांच्या दोन आजारांचा पद्धतशीर विचार लंडनमधील एकाच इस्पितळात, दहा वर्षांच्या आत, सुरू झाला. पुढे दोहोंतही अन्नाचा संशय घेण्यात आला. एका आजारात तो निर्विवाद सिद्ध झाला. दुसऱ्यात, सव्वाशेहून अधिक वर्षे उलटली तरी, तो सिद्ध होऊ शकलेला नाही. असे का झाले हे पाहणे, हाच ह्या लेखाचा हेतू आहे.

सांध्यांचे दुखणे पोटाशी जोडण्याची कल्पना फार जुनी. आपल्याकडे सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास माधवकराने रचलेल्या 'माधवनिदान' ह्या ग्रंथात आमवाताचे स्वतंत्र प्रकरण आहे. विरुद्ध आहार, मंदावलेला अग्नी, आळशी राहणी, स्निग्ध भोजनानंतर लगेच केलेला व्यायाम ही त्याची कारणे तेथे सांगितली आहेत. न पचलेला अन्नरस, म्हणजे आम, वायूबरोबर शरीरभर फिरतो व सांध्यांत जाऊन बसतो, अशी ती उपपत्ती. युरोपातील विचारही फार वेगळ्या वळणाने गेला नव्हता. 'रुमॅटिझम' हा शब्दच मुळी 'वाहणे' ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून आलेला आहे. शरीरातील दूषित रस वाहत वाहत एखाद्या ठिकाणी साचतो, ही त्यामागची समजूत. पॅरिसचे वैद्य गियोम द बायू यांच्या मृत्यूनंतर, १६४२ साली, प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हा शब्द सांध्यांच्या विकाराला लावलेला आढळतो.

ह्या समजुतीला एका आजाराने भक्कम आधार दिला. तो म्हणजे 'गाउट'. लंडनच्या आल्फ्रेड गॅरॉड यांनी १८४८ साली अशा रोग्यांच्या रक्तात युरिक आम्ल वाढलेले असते हे दाखवून दिले. मांस व मद्य यांचा आणि ह्या रोगाचा संबंध त्यामुळे केवळ लोकापवाद राहिला नाही. पण गाउट हा प्रौढांचा रोग. मुलांना तो क्वचितच होतो. मोठ्यांच्या एका रोगात खरे ठरलेले सूत्र लहानांच्या साऱ्या सांधेदुखीला लावणे हा तर्काचा पहिला घसरडा उतार होता, आणि त्यावरून पुष्कळजण घसरले.

आता लंडनमधील त्या इस्पितळाकडे वळू. ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवरील मुलांचे हे इस्पितळ १८५२ साली सुरू झाले. तेथे १८८७ च्या ऑक्टोबरात सॅम्युएल गी यांनी एका बालरोगावर व्याख्यान दिले. ते पुढल्या वर्षी छापून आले. एक ते पाच वर्षांची मुले, पोट फुगलेले, हातपाय काड्यांसारखे, शौच पातळ, फिकट व दुर्गंधीचे, वाढ खुंटलेली. ह्या रोगाला 'सीलिॲक' हे नाव आहे. गी यांनी सांगितले, की हा रोग बरा व्हावयाचाच असेल तर तो पथ्याने होईल. कोणते पथ्य, हे मात्र त्यांना उमगले नव्हते. त्यांनी भात वर्ज्य सांगितला आणि पावाचे पातळ काप दोन्ही बाजूंनी नीट भाजून द्यावयास हरकत घेतली नाही. आज आपण जाणतो, की त्यांनी निर्दोष भाताला दोषी धरले आणि खऱ्या अपराध्याला मोकळे सोडले. त्यांनी एका मुलाची हकीकत दिली आहे. त्याला रोज हॉलंडहून येणाऱ्या शिंपल्या (आमच्या कोकणी वाचकांना तिसऱ्यांची आठवण व्हावी अशा) खावयास देत. त्यावर तो चांगला सुधारला. शिंपल्यांचा हंगाम संपला आणि रोग उलटला. पुढल्या हंगामात तो मुलगा काही केल्या त्या खाईना!

ह्या व्याख्यानानंतर दहा वर्षांच्या आत त्याच इस्पितळातील जॉर्ज फ्रेडरिक स्टिल ह्या तरुण वैद्याने मुलांच्या जीर्ण सांधेविकारावर आपला निबंध लिहिला. तो १८९७ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा स्टिल यांचे वय तिशीच्या आतच होते. त्यांच्यापूर्वी अशी मुले कोणी पाहिलीच नव्हती असे नाही. पॅरिसच्या कॉर्निल यांनी १८६४ साली, बाराव्या वर्षापासून सांधे धरलेल्या एका स्त्रीचे वर्णन केले होते, व दियामांबेर्जे यांनी १८९०–९१ च्या सुमारास अशा मुलांवर प्रबंधच लिहिला होता. पण स्टिल यांनी २२ मुलांची बारकाईने तपासणी करून दाखविले, की मुलांचा हा विकार म्हणजे मोठ्यांच्या संधिवाताची लहान आवृत्ती नव्हे. काही मुलांना सांध्यांच्या सुजेबरोबर ताप येतो, अंगातील ग्रंथी फुगतात, प्लीहा वाढते. एकाच नावाखाली एकाहून अधिक रोग नांदत असावेत, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. पुढे शंभर वर्षांनी वैद्यकाने ह्या विकाराचे जे वर्गीकरण केले, त्याचे बीज येथे आहे.

हेच स्टिल १९१८ साली लंडनच्या वैद्य महाविद्यालयात सीलिॲक रोगावर व्याख्याने देण्यास उभे राहिले. तेव्हा त्यांनी एक निरीक्षण नोंदविले: पिष्टमय पदार्थांपैकी पाव हा ह्या मुलांना विशेष बाधतो. गी यांना जे दिसले नव्हते ते स्टिल यांना ओझरते दिसले. मात्र त्यांच्या शब्दांकडे त्या वेळी फारसे कोणी लक्ष दिले नाही. मुलांचा संधिवात ज्याच्या नावाने ओळखला गेला, त्याच मनुष्याने पोटाच्या रोगात पावाकडे बोट दाखवावे, हा योगायोग मोठा बोलका आहे. अन्नावर संशय घेण्याचे स्टिल यांना वावडे नव्हते. जेथे दिसले तेथे त्यांनी ते सांगितले.

'वावडे' हा शब्द येथे सहज आला. पण पुढील कथेचा तोच विषय आहे. आपल्या भाषेत हा शब्द जुना आहे, आणि एखाद्याला अंडे किंवा शेंगदाणा सोसत नाही हे आपल्या घरांत पूर्वापार ठाऊक आहे. युरोपीय वैद्यकाला त्यासाठी नाव मिळाले ते १९०६ साली, व्हिएन्नात. तेथील मुलांच्या इस्पितळात क्लेमेन्स फॉन पिर्के व बेला शिक हे दोघे काम करीत होते. घटसर्पावर घोड्याच्या रक्तापासून केलेले सीरम टोचण्याची रीत त्या अगोदर दहाएक वर्षे सुरू झाली होती, आणि तिने असंख्य मुलांचे प्राण वाचले होते. परंतु काही मुलांना टोचल्यापासून आठ-बारा दिवसांनी ताप येई, अंगावर गांधी उठत, ग्रंथी सुजत आणि सांधे दुखू लागत. पिर्के व शिक यांनी १९०५ साली ह्या 'सीरमच्या आजारा'वर पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे असे, की सीरम स्वतः विष नव्हे. त्या परक्या पदार्थाविरुद्ध शरीर जी तयारी करते, त्या तयारीची व पदार्थाची गाठ पडली म्हणजे आजार उद्भवतो. म्हणून तो टोचल्याबरोबर न येता काही दिवसांनी येतो, आणि दुसऱ्यांदा टोचल्यास लवकर येतो. शरीराच्या ह्या बदललेल्या प्रतिक्रियेला पिर्के यांनी पुढील वर्षी 'ॲलर्जी' हे नाव दिले.

आपल्या विषयाच्या दृष्टीने ह्या शोधाचे महत्त्व केवढे होते! मुलांचे सांधे बाहेरून आलेल्या एका परक्या पदार्थामुळे सुजू शकतात, हे प्रथमच डोळ्यांपुढे घडताना दिसले. तो पदार्थ सुईने आत गेला होता हे खरे. पण मग तोंडावाटे जाणाऱ्या पदार्थांचे काय? दूध हेही गाईचेच. अंडे कोंबडीचे. तर्काची पुढली पायरी स्वाभाविक होती. न्यूयॉर्कच्या ऑस्कर श्लॉस यांनी १९१२ साली एका आठ वर्षांच्या मुलाला अंडे, बदाम व ओट यांचे वावडे असल्याचे त्वचेवर ओरखडा काढून त्यावर पदार्थ लावून दाखविले. बर्लिनच्या हेनॉक यांनी पूर्वीच वर्णिलेला मुलांचा एक विकार होता. त्यात पायांवर जांभळे डाग उठतात, पोटात कळा येतात व सांधे सुजतात. हाही अन्नाच्या ॲलर्जीचाच प्रकार असावा, असे १९२० नंतरच्या दशकात काही अमेरिकन वैद्य प्रतिपादू लागले. आज हा विकार रक्तवाहिन्यांच्या दाहाचा मानला जातो, आणि बहुधा तो घसा-नाकाच्या साध्या संसर्गानंतर उद्भवतो. त्या काळी मात्र अन्नाकडे बोट दाखविण्याची जणू लाटच आली होती.

कॅलिफोर्नियातील आल्बर्ट रो यांनी त्याच काळात एकेक पदार्थ आहारातून वगळून पाहण्याची पद्धत रूढ केली व १९३१ साली अन्नाच्या ॲलर्जीवर ग्रंथ लिहिला. पद्धत मुळात सरळ व उपयुक्त होती; पण तिच्या आधारे डोकेदुखीपासून थकव्यापर्यंत नाना तक्रारी अन्नाच्या पदरी बांधल्या गेल्या. शिकागोच्या मायकेल झेलर यांनी १९४९ साली संधिवातात अन्नाची ॲलर्जी हा एक घटक असल्याचे प्रतिपादन केले. योगायोग असा, की त्याच सुमारास मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच व त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्टिझोनचा संधिवातावरील आश्चर्यकारक परिणाम जगापुढे ठेवला, आणि १९५० चे नोबेल पारितोषिक त्या कार्याला मिळाले. त्या तेजापुढे आहाराचा प्रश्न काही काळ मागे पडला.

ह्या लाटेशेजारून वाहून गेलेली आणखी एक लाट येथे स्मरणीय आहे. दातांच्या मुळांशी किंवा टॉन्सिलमध्ये दडलेल्या जंतूंमुळे सांधे बिघडतात, असे मत १९१० नंतर इंग्लंड-अमेरिकेत प्रबळ झाले. हजारो रोग्यांचे दात उपटले गेले, मुलांचे टॉन्सिल कापले गेले. संधिवातात जंतूंचा हात असल्याचे मत पूर्वी स्वतः मांडणाऱ्या रसेल सेसिल यांनीच १९३८ साली अँजेव्हाइन यांच्यासह २०० रोग्यांचा आढावा घेतला, आणि दात व टॉन्सिल काढण्याचा काही लाभ दिसत नाही असे जाहीर केले. उपटलेले दात काही परत आले नाहीत. संशय प्रामाणिक असला तरी चौकशीपूर्वीच शिक्षा झाली म्हणजे काय होते, त्याचे हे उदाहरण.

चौकशी कशी असावी हे हॉलंडने दाखविले. हेगमधील बालवैद्य विलेम डिके यांना सीलिॲक मुलांच्या बाबतीत गव्हाचा संशय दुसऱ्या महायुद्धापूर्वीच आला होता, आणि गहू वगळलेल्या आहाराविषयी त्यांनी १९४१ साली लिहिलेही होते. १९४४–४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये भीषण अन्नटंचाई झाली, गहू दुर्मिळ झाला, आणि त्यांच्या तर्काला बळ मिळाले. पण डिके तेवढ्यावर थांबले नाहीत. युद्धानंतर रसायनज्ञ फान दे कामर यांच्या साहाय्याने त्यांनी मुलांना आळीपाळीने गहू देऊन व बंद करून शौचातील स्निग्धांशाचे मोजमाप केले. गहू दिला की आकडा बिघडे, काढला की सुधारे. पुन्हा दिला की पुन्हा बिघडे. तांदळाने तसे होत नसे. १९५० साली त्यांनी ह्यावर प्रबंध सादर केला. पुढे गव्हातील ग्लूटेन हा अंश दोषी ठरला. शिंपल्यांनी, किंवा न्यूयॉर्कच्या सिडनी हास यांनी १९२४ पासून पुरस्कारिलेल्या केळ्यांच्या पथ्याने, मुले का सुधारत होती ह्याचा उलगडाही झाला. गुण शिंपल्यांचा नव्हता, केळ्यांचाही नव्हता. त्या खाण्याने पाव सुटत होता, एवढेच.

तात्पर्य, रोगी बरा झाला एवढ्याने उपचारामागील तर्क खरा ठरत नाही. पदार्थ काढावा, सुधारणा मोजावी. पदार्थ परत द्यावा, बिघाड मोजावा. आणि हे पुन्हा करून पाहावे. आमच्या अधिकारी वाचकांच्या भाषेत बोलावयाचे तर निलंबन ही शिक्षा नव्हे. ती चौकशीपुरती तजवीज आहे. निलंबिताला पुन्हा रुजू करून घेतल्याशिवाय ही चौकशी पुरी होत नाही. बहुतेक घरांत मात्र निलंबन होते आणि चौकशी कधीच होत नाही.

मुलांच्या संधिवाताला हीच कसोटी लावली तर काय दिसते? येथे एक मोठी अडचण आहे. हा रोग मुळातच चढता-उतरता आहे. काही आठवडे सूज वाढते, काही महिने ती आपोआप ओसरते. सूज अगदी शिगेला पोचली असता आई दूध बंद करते, आणि तेथून पुढे उतार लागायचाच असतो. श्रेय मात्र दूध बंद केल्याला मिळते. शिवाय पथ्य पाळणाऱ्याला आपण पथ्य पाळतो आहो हे ठाऊक असते, आणि दुखणे किती हे सांगणारा तोच असतो. म्हणून मोजणाऱ्याला व खाणाऱ्याला, दोघांनाही काय दिले ते कळू नये अशी योजना करावी लागते. मेरी लव्हलेस यांनी १९५० च्या सुमारास दुधाच्या बाबतीत पदार्थ लपवून देण्याचे प्रयोग केले, आणि १९७६ साली चार्ल्स मे यांनी दम्याच्या मुलांवर ही दुहेरी अज्ञाताची पद्धत वापरून दाखविली. आईच्या वा रोग्याच्या मनातील कित्येक संशयित पदार्थ अशा परीक्षेत निर्दोष सुटतात, असा अनुभव आला.

फ्लोरिडातील रॉबर्ट पॅनुश यांचे दोन प्रयोग येथे शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. १९८३ साली त्यांनी संधिवाताच्या २६ प्रौढ रोग्यांना दहा आठवडे दोन प्रकारचे पथ्य दिले. एक लोकप्रिय झालेले, दुसरे केवळ तुलनेसाठी रचलेले. दोन्ही गटांत एकंदर फरक दिसला नाही. मात्र लोकप्रिय पथ्यावरील दोघांना लक्षणीय उतार पडला. १९८६ साली त्यांनीच एका स्त्रीची हकीकत प्रसिद्ध केली. तिला कॅप्सूलमधून दूध दिले असता, आत काय आहे हे ठाऊक नसताना, तिचे सांधे सुजले. दरम्यान १९८५ साली लंडनच्या एका नियतकालिकात रॅटनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी संधिवाताच्या एका मुलीला दूध बंद केल्यावर आराम पडल्याचे लिहिले होते. म्हणजे क्वचित एखाद्या व्यक्तीत दुधाचा व सांध्याचा संबंध असू शकतो. सर्वसाधारण रोग्यांत तो दिसत नाही. विरळ अपवाद खरा असणे आणि नियम खोटा असणे ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी संभवतात. लोकांना हे पटवून देणे फार कठीण जाते. कारण अपवादाची कथा सांगता येते, नियमाची सांगता येत नाही.

वावड्याच्या मुळाशी असणारा रक्तातील आयजीई हा प्रतिपिंड १९६६–६७ च्या सुमारास इशिझाका दांपत्याने व स्वीडनमधील योहान्सन आणि बेनिख यांनी ओळखला. शेंगदाणा खाताच ओठ सुजणे, अंगावर गांधी उठणे, श्वास कोंडणे ही त्याची करणी. मुलांच्या संधिवातात हे यंत्र चालत नाही. तेथे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते, आणि ती का उलटते ह्यात आनुवंशिकता व परिस्थिती अशा अनेक गोष्टींचा गुंता आहे. दोन्ही विकार प्रतिकारशक्तीचेच, पण एकाच घराण्यातील दोन भिन्न स्वभावाच्या भावांसारखे. व्हिएन्नातील सीरमच्या आजारात ते क्षणभर एकत्र दिसले, म्हणून त्यांना एकच समजणे बरोबर नाही.

येथवर वाचून कोणी म्हणेल, की मग आईचा संशय म्हणजे निव्वळ भ्रम. असे आम्हांस मुळीच म्हणावयाचे नाही. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात ओल्ड लाइम नावाचे गाव आहे. त्या परिसरातील पॉली मरे ह्या गृहिणीच्या व तिच्या आसपासच्या घरांतील कितीतरी मुलांचे सांधे १९७५ च्या सुमारास सुजू लागले होते, आणि त्यांना मुलांचा संधिवात झाल्याचे सांगण्यात येत होते. एकाच परिसरात इतकी मुले कशी, हा प्रश्न तिने व दुसऱ्या एका मातेने आरोग्य खात्याकडे नेला. ॲलन स्टीअर व त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन लगतच्या गावांत ५१ रोगी शोधून काढले, त्यांत ३९ मुले होती. १९७७ साली त्यांनी ह्या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे विली बुर्गडोर्फर यांनी १९८१ च्या सुमारास गोचिडीतून येणारा त्याचा जंतू शोधला, आणि रोग प्रतिजैविकांनी बरा होणारा ठरला. मातांचे निरीक्षण अचूक होते, आणि त्याला मान मिळाला तो मोजदाद झाल्यामुळे. आईच्या संशयाचा उपहास करणारा वैद्य जितका चुकतो, तितकीच तो संशय म्हणजे निकाल असे मानणारी आई चुकते.

ह्या चुकीची किंमत मुलाला द्यावी लागते, म्हणून हा प्रश्न केवळ विद्वानांचा नाही. सोळा वर्षांच्या आत सुरू झालेली व सहा आठवड्यांहून अधिक टिकणारी, अन्य कारण न सापडणारी सांध्यांची सूज, अशी मुलांच्या संधिवाताची आजची व्याख्या आहे. पाश्चात्त्य देशांत हजार मुलांमागे सुमारे एकाला तो होतो. १९९२ साली अमेरिका व पूर्वीच्या सोव्हिएत संघातील वैद्यांनी १२७ मुलांवर मिळून केलेल्या प्रयोगात मेथोट्रेक्सेटचा गुण सिद्ध झाला. २००० पासून त्याहूनही नेमकी औषधे हाती आली. कुबड्यांवर वाढणारे मूल हे आज अटळ भवितव्य राहिलेले नाही. पण औषधाला वेळेवर सुरुवात व्हावी लागते. सूज वर्षभर राहिली तर कूर्चा झिजते, हाडाची वाढ वाकडी होते. आणखी एक गोष्ट अनेक पालकांना ठाऊक नसते: ह्यांपैकी काही मुलांच्या डोळ्यांच्या आत दाह होतो, तोही न दुखता व डोळा लाल न होता; नेत्रवैद्याने नियमितपणे यंत्राने पाहिल्यावाचून तो कळत नाही आणि दृष्टी जाऊ शकते. दूध बंद, मग गहू बंद, मग टोमॅटो बंद, अशा एकेका निलंबनात वर्ष निघून गेले, तर ते वर्ष परत मिळत नाही. आणि ज्या मुलाची हाडे रोगाने व कधी कधी औषधानेही दुबळी होत असतात, त्याच्याच तोंडचे दूध आपण काढून घेतलेले असते. अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ साली दिलेल्या मार्गदर्शनात ह्या रोगावर उपचार म्हणून कोणतेही विशिष्ट पथ्य लादू नये, वयाला साजेसा चौरस आहार द्यावा, असे स्पष्ट सांगितले आहे, ते ह्याचमुळे.

दुधाचा विषय निघाला म्हणून पिर्के यांची एक गोष्ट सांगितली पाहिजे. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियातील मुले उपासमारीने खंगली होती. अमेरिकेच्या मदतीने १९१९ पासून तेथे मुलांना जेवण देण्याची जी मोठी योजना चालली, तिची धुरा पिर्के यांनी वाहिली. कोणत्या मुलाला किती अन्न द्यावे हे मोजण्यासाठी त्यांनी एक एकक ठरविले, 'नेम'. एक ग्रॅम दुधाचे पोषणमूल्य म्हणजे एक नेम. ज्याने जगाला 'ॲलर्जी' हा शब्द दिला, त्यानेच मुलांच्या पोषणाचे माप म्हणून दूध निवडले. परक्या पदार्थाचा धोका आणि भुकेचा धोका, ह्या दोहोंची जाण एकाच मनुष्याला होती, आणि कोणता केव्हा मोठा हे त्याला कळत होते.

उत्तर भारतात राहणाऱ्या आपल्या वाचकांसाठी एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. गव्हावरचा संशय तेथे नेहमीच निराधार असतो असे नाही. गव्हाच्या पट्ट्यात सीलिॲक रोगाची मुले आढळतात, आणि त्यांतील काहींचे सांधेही दुखतात. तेव्हा वाढ खुंटली असेल, पोट वारंवार बिघडत असेल, रक्त कमी असेल, तर वैद्याला हे अवश्य सांगावे. पण तपासणीपूर्वी घरीच गहू बंद करू नये. कारण रक्तातील ज्या प्रतिपिंडांवरून हा रोग ओळखतात, ते गहू खाणे चालू असतानाच नीट दिसतात. तसेच घसा दुखून दोन-तीन आठवड्यांनी ताप व फिरती सांधेदुखी आली, तर तो संधिज्वर असू शकतो. तो हृदयाच्या झडपांना इजा करतो, आणि त्याला पेनिसिलीन लागते. तेथे आंबट वर्ज्य करून वाट पाहणे धोक्याचे आहे.

गी यांना पथ्याचे महत्त्व कळले पण पदार्थ चुकला. स्टिल यांना पदार्थ दिसला पण तो सिद्ध करण्याचे साधन नव्हते. डिके यांनी मोजले, आणि मुले वाचली. मुलांच्या संधिवातात अन्नावर तोच खटला तितक्याच रीतसर चालला, आणि तुरळक अपवाद वगळता पुरावा उभा राहिला नाही. म्हणून 'काय खाल्ले होते?' हा प्रश्न घरातून हद्दपार करण्याचे कारण नाही. तो तारखेसह वहीत उतरवावा आणि वैद्यापुढे ठेवावा. निकाल मात्र त्या वहीने द्यावयाचा नाही, आणि चौकशी चालू आहे म्हणून औषधही थांबवावयाचे नाही.